खप वाढेल, सही मिळणार नाही

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवतोस, असं वहिनी सांगत होती. खुर्चीची कंबर ठणठणीत असते रे. पट्टा तू लाव.

इकडे सगळं ठीक. ऑफिसच्या खालच्या चष्मेवाल्याने नवी पाटी लावली, ती इतकी मोठी की मासिकाची पाटी तिच्यामागे निम्मी झाकली गेली. मी खाली जाऊन भांडून आले. त्याने पाटी वीतभर खाली घेतली आणि वर मलाच नंबर तपासून घ्यायचा सल्ला दिला. खिडकीची मोडकी कडीही बसवून घेतली. आता वाऱ्याने कागद उडत नाहीत.

तू अहवाल मागितला होतास. मुलांच्या गोष्टी, प्रयोग आणि कोडी बाजूला ठेवून मासिकाने परीक्षांच्या तयारीकडे वळावं का, वळलं तर खप किती वाढेल, सगळं मुद्देसूद, महिनाअखेरपर्यंत. महिना उलटून गेला. बसले होते मी लिहायला. पण दुसऱ्या ओळीतच तुझ्याशी भांडण सुरू व्हायचं, आणि अहवालात भांडता येत नाही. म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या बाजूचं सांगते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? डिसेंबरचा अंक तू म्हणालास तसाच काढला, नुसते प्रश्नसंच आणि उत्तरं. मन लावून काढला. मुद्दाम वाईट काढून नंतर 'बघ, चालला नाही ना' म्हणण्याइतकी मी लबाड नाही. दोन शिक्षकांकडून उत्तरं तपासून घेतली, वर मी स्वतः पडताळली. अंक नेहमीच्या दुपटीहून जास्त गेला. दुसऱ्यांदा छापावा लागला, ते तुझ्याच प्रेसवर झाल्यामुळे तुला माहीत आहेच.

बसस्टँडवरच्या स्टॉलवर मी मुद्दाम एक सकाळ उभी राहिले. स्टॉलवाला खूश होता. म्हणाला, "बाई, आता कुठे तुम्हाला धंद्यातलं कळायला लागलं. आधी कसं, पोरगं अंकासाठी रडायचं आणि आई हात धरून ओढून न्यायची. आता आई स्वतः येते, मागून घेते."

"आणि पोरगं?"

"ते रडतंच की," तो म्हणाला. "पण आता अंक घेतला म्हणून."

दोघेही खो खो हसलो. हसताना मला कळत होतं की त्याचा हिशोब बरोबर आहे आणि तुझाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घे एका ओळीत: हो, खप वाढेल. चांगला वाढेल. सल्लागाराला पैसे देऊन विचारायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, जी तू विचारली नव्हतीस. डिसेंबरच्या अंकानंतर टपालात मुलांचं एकही पत्र आलं नाही. पालकांची आली, ढिगाने. सातव्या प्रश्नाचं उत्तर 'क' हवं की 'ड', पुढच्या अंकात इंग्रजी वाढवा, सवलत मिळेल का. मुलांनी काही विचारलंच नाही. विचारणार काय? सगळी उत्तरं आपण आधीच पानभर छापून मोकळे झालो होतो.

आईने हे मासिक काढलं तेव्हा तू प्रेसच्या टेबलाखाली झोपायचास आणि मी तुझ्या अंगावर पाय टाकून. तुला आठवत असेल, आई प्रत्येक पत्राला उत्तर द्यायची, कितीही येडचॅप प्रश्न असो. बाबा म्हणायचे, "टपालखर्चात घर विकशील." आई म्हणायची, "विकेन, पण मुलाने विचारलं आणि मोठ्यांनी ऐकलंच नाही, असं माझ्या घरात व्हायचं नाही." घर काही विकावं लागलं नाही. तेव्हा माझं उत्तर नाही असं आहे. मासिक अर्धं तुझं, अर्धं माझं, आणि रूप बदलायला दोघांची सही लागते. माझी मिळणार नाही. तू पाठवलेले कागद सोबत कोरेच परत करतेय.

तू म्हणशील, भावनेवर मासिक चालत नाही. बरोबर. चालवायला कागद, शाई आणि माणसं लागतात, आणि आजवर तुझ्या प्रेसने स्वस्तात छापून दिलं म्हणून आपण तगलो, हे मी कधी विसरले नाही. म्हणून तोडगाही सांगते. परीक्षेचं मासिक काढ की तू, वेगळ्या नावाने. मी मुद्रितंही तपासून देईन, फुकट. पण आपल्या मासिकाचं नाव त्याला लावायचं नाही. ज्या मुलाने त्या नावावर विश्वास टाकला, त्याच्या हातात त्याच नावाखाली पुन्हा शाळाच द्यायची, हे मला जमणार नाही. आमची पानं कमी करीन, माझा पगार निम्मा करीन, ऑफिसची पुढची खोली भाड्याने देईन.

हे सगळं मी तुला फोनवरही सांगू शकले असते. फोनवर मी हल्ली तुझ्याशी थोडक्यात बोलते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. कारण आहे.

गेल्या महिन्यात तू फोन करून म्हणालास, "जानेवारीच्या अंकातलं ते शून्याचं उत्तर कुणी लिहिलं गं? काय सोपं करून सांगितलंय! त्याला धर, गाइडचं काम त्यालाच देऊ." मी म्हटलं, नवीन आहे एकजण. आणि कढईत काहीतरी जळतंय असं सांगून फोन ठेवला. कढई चुलीवर नव्हतीच.

ते उत्तर ठकीने लिहिलं. तुझ्या लेकीने.

दादा, आता बस आणि पुढचं बसून वाच. ठकी क्लासच्या वसतिगृहात नाही. ती माझ्याकडे आहे, दोन महिने होऊन गेले. रविवारी तू तिला फोन करून "तयारी कशी चाललीये?" विचारतोस आणि ती "चाललीये" म्हणते, ते माझ्या गॅलरीतून. वहिनीला मी पहिल्याच दिवशी कळवलं होतं. तिच्यावर आवाज चढवू नकोस, मीच तिला गप्प बसवलं. जे काही बोलायचं ते मला बोल.

डिसेंबरचा अंक छपाईला जायच्या आठवड्यात ती सकाळी दारात उभी. हातात एक पिशवी, पायात दोन वेगळ्या चपला. मी म्हटलं, "सुट्टी लागली वाटतं." ती म्हणाली, "आत्या, मला वाचता येईनासं झालंय." मला वाटलं डोळ्यांचं काही असेल. तर तसं नाही. म्हणाली, अक्षरं दिसतात, पण आत जात नाहीत. पहिली ओळ संपवून दुसरीवर जावं तर पहिली पुसलेली असते. क्लासमध्ये सांगितलं, तर ते म्हणाले तास वाढव. तिने तास वाढवले. मग जेवण कमी केलं, मग झोप. तुला सांगायचं धाडस तिला झालं नाही, कारण प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाल्यावर तू काही बोलला नाहीस, नुसता तिसऱ्यांदा फी भरून आलास.

जेवायच्या टेबलावर त्या अंकाची मुद्रितं पसरलेली होती. प्रश्नसंच क्रमांक अमुक, प्रश्नसंच क्रमांक तमुक. पोरीने ती पाहिली आणि ताट उचलून ओट्यापाशी उभ्याने जेवली. मी कागद गोळा करून आतल्या खोलीत नेले. आणि तिथे दार लावून ते तपासले, कारण तुला शब्द दिला होता. तो अंक दुपटीने खपला. कळलं, मला अहवाल का लिहवेना?

मी तिला काही विचारलं नाही, समजावलं नाही. डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या झोप, जेवण, चालणं, आणि पुस्तकं दृष्टीआड. पुढे दर पंधरवड्याने भेट. मी ऑफिसला जाताना तिला सोबत न्यायचे, पत्रं फोडायला. पहिले काही दिवस ती नुसती पाकिटं फोडून रास लावायची. मग एक दिवस ती हसली. मोठ्याने. नोव्हेंबरच्या अंकावर आलेल्या टपालात एका पोराने लिहिलं होतं, "बाई म्हणतात शून्याने भागता येत नाही. कोण अडवतं? त्याचं नाव कळवा, मी बघून घेतो."

ठकीने ते दोनदा वाचलं. वाचलं, दादा! मग म्हणाली, "आत्या, ह्याला मी लिहू?" तीन-चार दिवस त्या एका उत्तराला लागले. खोडलं, फाडलं, माझ्याकडच्या चमच्यांच्या वाटण्या करून पाहिल्या. आणि जे झालं ते तू वाचलंस, आणि तुला आवडलं, ते कुणाचं हे माहीत नसताना आवडलं. मी फोन ठेवल्यावर तिला सांगितलं. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली, बराच वेळ.

आता तू येशील, हे मला माहीत आहे. ये. पण तिला न्यायला येणार असशील तर माझ्या उंबऱ्यावर मी उभी असेन. हे पत्र पाठवतेय हे मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, "पाठव. मला खोटं 'चाललीये' म्हणायचा कंटाळा आलाय."

रागाव, हवं तेवढं रागाव. पट्टा लावून ये.

तुझी,
धाकटी, पण या पत्रापुरती थोरली


२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. सुखरूप पोचलास, हे वहिनीकडून कळलं. तू स्वतः कळवणार नाहीस, हे धरूनच चालले होते.

त्या दिवशी तू ऑफिसच्या जिन्यातच सुरू झालास. "माझी मुलगी लपवलीस, आता माझं मासिकही बुडव," हे चष्मेवाल्यानेही ऐकलं. लपवली, हे खरं. त्याबद्दल तू जे बोललास ते मी गुमान ऐकून घेतलं, कारण बाप म्हणून तो तुझा हक्क होता. मासिकाबद्दलचं मात्र ऐकून घेतलं नाही आणि घेणारही नाही.

पण खरं बोलली ती ठकी. मी मध्ये पडणार तेवढ्यात ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, मी तिसऱ्यांदा बसणार नाही."

"मग करणार काय आयुष्यात?"

"अजून माहीत नाही. आज सोमवार आहे. सोमवारी टपाल जास्त असतं."

तू चहाला हात न लावता निघून गेलास. ती दारातून आत आली, आणि तू सोडलेला चहा तिने पिऊन टाकला. मग हात धुऊन पाकिटं फोडायला बसली. मला वाटलं होतं रडेल. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "आत्या, तू का रडतेयस?"

एप्रिलपासून आपल्या प्रेसवर मासिक छापणार नाही, हे तुझं पत्र मिळालं. ठीक आहे. नदीपलीकडे एक छोटी प्रेस आहे, लग्नपत्रिका छापणारी. मालकीणबाई तयार झाल्या. कागद करडा आहे, पानं कमी होतील, आणि रंग फक्त मुखपृष्ठाला. पुढची खोली एका शिंपीणबाईंना दिली. दिवसभर मशीन चालतं, त्या तालावर मला झोप येते, एवढीच अडचण. वर्षभर तग धरू. त्यापुढचं त्यापुढे. बुडालो तर आपल्या नावानिशी बुडू, दुसऱ्याचा मुखवटा घालून तरणार नाही.

तुझ्या नव्या मासिकाची मुद्रितं मिळाली. वेगळं नाव घेतलंस, बरं केलंस. तपासून सोबत पाठवतेय. भूमितीतलं एक उत्तर साफ चुकलंय. आकृती ठकीने दुरुस्त केली. मी तिला सांगितलं नव्हतं. तिने स्वतः टेबलाशी बसून केली आणि म्हणाली, "चुकीचं उत्तर पाठ करून कुणी रडायला नको."

आणि वहिनीने पाठवलेलं खोकं पोचलं. कपडे, चपला, आणि तळाशी ठकीचा टेबललॅम्प, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला. वहिनीच्या गाठी सुटतात. ही प्रेसवर गठ्ठ्यांना मारतात तशी होती, सुटेना, कापावी लागली. ठकीने सुतळी टाकली नाही. आम्ही दोघी त्याविषयी काही बोललो नाही, तूही बोलू नकोस. नुसता ये कधीतरी. या वेळी चहा पिऊन जा.

रूप बदलायचे कागद तू खोक्यासोबत पुन्हा पाठवलेस. वाचले. परत पाठवतेय, कोरे. तिसऱ्यांदा पाठवलेस तरी कोरेच येतील. उगाच टपालखर्च.

न रागावलेली, न हललेली,
तुझी धाकटी