ओढ्याकाठची वाईन

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे तूर्तास कागदावरच). तुमचा खोकला आणि मामींची कंबर ताळ्यावर असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, वाईन सोडून.

तुम्ही बजावलं होतं, "ओढ्याकाठी जाऊ नकोस, माझ्या बागेलगतचा खडकाळ उतार घे." पण उतार चढताना मला धाप लागली आणि खाली ती काळीभोर, लोण्यासारखी माती बघून मी पाघळलो. (दगड विकत घ्यायचे हे मला पटेना. ही अक्कल माझ्या वडिलांकडची, असं मामी म्हणतात.) मातीनं लाड करण्यात काही कसर ठेवली नाही. वेल असे माजले की पानांत घड शोधत हिंडावं लागलं. मणी टपोरे, देखणे आणि आत नुसतं पाणी! मुळांना बसल्या जागी सगळं मिळाल्यावर ती कशाला धडपडतील? (माझ्या मेव्हण्याकडे बघून हे आधीच कळायला हवं होतं.) त्यात ओढ्यावरचं गार धुकं आमच्याच बागेत मुक्कामाला. वर तुमचे दगड सकाळपासून ऊन खात बसतात आणि द्राक्षं गोडीला येतात. आमची दुपारपर्यंत ओलीच.

शेवटी वाईन झाली. पहिला घोट हिनं घेतला आणि उठून खिडकी उघडली. शेजारच्या सुतारानं डोळे मिटले, मला वाटलं तल्लीन झाला. मग म्हणाला, "जुनं पॉलिश काढायला बरी आहे." मी हसलो मामा, पण बाटलीला बूच लावून टाकलं. या बागेत माझा फार जीव गुंतलाय हो.

तुमचा,
घायकुता भाचा

ता. क. वाईन कारखान्याच्या चाचणीला तुम्ही परीक्षक आहात असं कळलं. आमची बाटली पास झाली तरच ते आमची द्राक्षं घेणार, नाहीतर वेल उपटून मी पुन्हा विमा कचेरीत. बाटल्यांवर नावं नसतात. जी पाणचट आणि आंबट लागेल ती आमची. सांभाळून घ्या.

ता. क. मामा, मी तुमची भाचेसून. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. यांना पत्ता नाही, पण चाचणीच्या बाटलीतली ती वाईन मी मोरीत ओतली आणि तुम्ही मागे दिलेली, तुमच्या उतारावरची, तिच्या जागी भरून पाठवली. पुढच्या हंगामापासून वेल वर दगडांतच लावायचे हे यांच्याकडून कबूल करून घेतलंय. आता नापास करायची तर खुशाल करा, वाईन तुमचीच आहे.