चष्मेवाला बरा की बाहीवाला

३ मार्च, सोमवार

काम मिळालं! सर्वेक्षणाचं. दारोदार जायचं, बारा प्रश्न विचारायचे, कागदावर खुणा करायच्या. सातवा प्रश्न असा — आधीच्या नेत्यांच्या काळाशी तुलना करता तुमच्या घरची स्थिती: बरी, तशीच, की वाईट?

कागदावर ‘आधीचे नेते’ आणि ‘विद्यमान नेते’. लोकांच्या तोंडी चष्मेवाला आणि बाहीवाला. चष्मेवाला भाषण कागदावरून वाचायचा, हा बाह्या सरसावून बोलतो. एवढाच काय तो फरक, असं मी म्हटलं की घरात भांडण! ह्यांचा बाहीवाल्यावर भारी जीव. चष्मेवाल्याला घालवायला हे रस्त्यावर उतरले होते. गोळीबारात डावा पाय अधू झाला. आठ वर्षं झाली त्याला. “माझा पाय गेला, पण देश चालायला लागला,” हे येईल त्याला ऐकवतात.

५ मार्च

एकवीस दारं. पाच उघडलीच नाहीत.

शिवणकाम करणारी बाई म्हणाली, “वाईट. पण तसं लिहू नका हं.” मग काय लिहू? “तुम्हाला बरं दिसेल ते.”

एक म्हातारे — “दोघांत डावं-उजवं काय करायचं? एकाने जखम केली, दुसरा मीठ चोळतोय.” ह्याला खूण कुठे करायची?

ऑफिसातले साहेब म्हणाले, खुणा पेन्सिलनेच करा. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

८ मार्च

चालून चालून माझे पाय सुजलेत. नुसते ठणकतायत.

९ मार्च, रविवार

आज एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर निवृत्त मास्तर भेटले. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला आणि मलाच शिकवायला लागले. “चष्मेवाल्याच्या वेळचा क्रम आठवतो? आधी इंधन गेलं. मग औषधं. मग कारखाने. मग तो स्वतः.” बोटांवर मोजलं. “ह्याचं इंधन गेल्या वर्षीच गेलं. औषधांचं म्हणाल, तर बायकोची रक्तदाबाची गोळी चार दुकानं फिरून मिळाली नाही. आता कारखान्यांकडे लक्ष ठेवा.”

मी म्हटलं, आमचे हे कारखान्यातच आहेत, बसच्या सांगाड्यांना पत्रे ठोकतात. चालू आहे की तो!

मास्तरांनी मोजायची बोटं मिटली. मग म्हणाले, “मग बरंय.”

पुढचे पाच प्रश्न मी घाईघाईत उरकले.

घरी आल्यावर ह्यांना नुसतं विचारलं, काम कसं चाललंय? “जोरात!”

१३ मार्च

लिहावं की नाही, कळत नाही.

कारखान्यामागच्या वस्तीत गेले होते. एका घरात रंगारी भेटला — ह्यांच्याच कारखान्यातला. मला ओळखत नव्हता. सातवा प्रश्न ऐकून हसला. “बाई, कारखान्याला कुलूप लागून अठरा दिवस झाले. तुम्ही कुठल्या जगात?”

अठरा दिवस! हे रोज सकाळी सहाला डबा घेऊन निघतात. संध्याकाळी येतात. हात काळे असतात! कशाने काळे करतात?

रंगाऱ्याच्या बायकोने पाणी दिलं. भांडं तसंच परत दिलं.

१४ मार्च

ह्यांच्या मागे मागे गेले. लाज वाटते लिहायला.

बस स्थानकाच्या शेवटच्या बाकावर बसले होते. आजूबाजूला आणखी पाच-सहा जण, सगळ्यांच्या मांडीवर डबे. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बस यायची, जायची; हे मान वर करून पाटी वाचायचे आणि पुन्हा खाली बघायचे. अकरालाच डबा उघडला. मी खांबाआड उभी. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतक्या जवळ.

परत फिरले.

१५ मार्च

ह्यांच्या डब्यात आज अंडं घातलं.

१८ मार्च

संध्याकाळी ह्यांनीच विषय काढला.

“लोक काय म्हणतात गं तुझ्या त्या प्रश्नाला?”

“बरी म्हणतात.”

“सगळे?”

“बहुतेक.”

बराच वेळ पाय चोळत बसले. मग म्हणाले, “चष्मेवाल्याशी ह्याची बरोबरी करणारे मूर्ख आहेत. त्याला देश कळतच नव्हता. ह्याला कळतो. फक्त वेळ द्यायला हवा.” आणि मग अगदी हळू — “ह्यालाही नाही ना जमलं, तर मी...”

मी उठले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली. तेही खोटं बोलतात, मीही बोलते. संसार चाललाय!

२१ मार्च

सर्वेक्षणाचा निकाल पेपरात आला. शंभरातल्या एकाहत्तर जणांची स्थिती बरी! मी अडीचशे दारं फिरले. माझ्या कागदांवर ‘बरी’ म्हणणारे तीन होते. तीन!

ह्यांनी ती बातमी कापून घेतली, घडी घालून खिशात ठेवली. “बघ, म्हटलं नव्हतं?” किती दिवसांनी हसले. मी म्हटलं, हो, तुम्ही म्हणत होतात खरं.

२३ मार्च, रविवार

सात वाजता रेडिओने सांगितलं — बाहीवाला पहाटेच्या विमानाने बायकामुलांसह देश सोडून गेला. कुठे, ते सांगत नाहीत. रस्त्यावर ओरडा सुरू झालाय.

हे अजून झोपलेत. मी खिडक्या लावून घेतल्यात.