वरच्या मजल्यावरचं नाव

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी १९५५

प्रिय प्रमोदिनी,

श्रावणात तू पत्रानं विचारलंस, दादा, काही महिने माहेरी येऊन राहू का? मी पोस्टकार्डावर चार ओळी खरडल्या: वर बिऱ्हाड आहे, जागेची अडचण आहे, थोडं जुळवून घ्यावं, आणि अक्षर फार बिघडलंय, ते सुधार. त्यानंतर तुझी एक ओळ नाही. बरोबरच आहे. आजचं हे पाकीट मात्र तुझ्या सासरी नको, म्हणून तुमच्या शेजारच्या श्यामलाच्या पत्त्यावर टाकतोय.

आधी घरपट्टीचं सांगतो. म्हाताऱ्याला दुसरा विषय नाही असं म्हणशील, पण ऐक. खाली मी, वर तीन वर्षं हुपरीचा कृष्णात आणि त्याची बायको बयाबाई. तो पैंजण घडवतो, दिवसभर वरून टकटक चालू असते. भाड्यानं दिलेल्या मजल्याला पट्टी जास्त, घरच्या वापरातल्याला कमी. तीन वर्षांपूर्वी फॉर्म भरताना ‘वर कोण राहतं’ या रकान्यात मी तुझं नाव लिहिलं. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि पेन्शनीतले चार पैसे वाचावेत म्हणून सासरी नांदणाऱ्या लेकीला कागदावर माहेरी बसवली. कृष्णातला भाड्याची पावती दिली नाही. त्यानंही कधी मागितली नाही, मास्तरांचा शब्द हाय की, एवढंच म्हणायचा.

मागच्या शुक्रवारी नव्या आकारणीसाठी आकाराम आला. आठवतो का, वर्गात रोज दौत सांडायचा तो? आता घरपट्टीच्या खात्यात आहे. कागद बघून त्यानं विचारलं, ताई कुठं हाईत? माझ्या तोंडून निघून गेलं, देवीला गेलीय. अंबाबाईचं नाव घेऊन खोटं बोललो बघ. तो जिन्याकडं निघाला आणि पहिल्या पायरीवरूनच मागं फिरला. म्हणाला, तुमी सांगिटलं म्हंजे झालं की मास्तर, वर कशाला चढायचं? माझ्या पाया पडला आणि गेला. वरची टकटक केव्हाच थांबली होती.

कृष्णात खाली आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं पावतीचं काढेल. त्यानं एवढंच विचारलं, ताई खरंच कवा येणार? मग मला राहवलं नाही, तुझ्या पत्राचं सांगितलं आणि माझ्या उत्तराचंही. तो म्हणाला, कागदावरच्या लेकीला आख्खा मजला, आन् खऱ्या लेकीला जागा न्हाय व्हय, मास्तर?

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन आकारामला सगळं खरं सांगितलं. मागची पट्टी भरीन म्हटलं. त्यानं फॉर्म पुढं सरकवला. तुझं नाव मी माझ्या हातानं खोडलं. रेघ वाकडी गेली, आणि त्या वाकड्या रेघेकडं बघताना तुझं श्रावणातलं पत्र डोळ्यांपुढं आलं. तुझं अक्षर मी गिरवून घेतलेलं आहे, प्रमोदिनी. ते आळसानं तसं बिघडत नाही. हात मारानं सुजलेला असला की तसं येतं. आणि हे मला आत्ता कळलं असं म्हणणं म्हणजे आणखी एक खोटं होईल. मला तेव्हाच कळलं होतं. लोक काय म्हणतील या भीतीनं मी तुझं दुखणं न बघता अक्षराला नावं ठेवली. असा बाप मी.

कृष्णातनं काल आपलं सामान खालच्या मागच्या खोलीत आणलं. माझं न ऐकता आणलं. बयाबाईनं वरचा मजला सारवून ठेवलाय. मी गुरुवारी पहिल्या गाडीनं बेळगावला येतोय, तुला न्यायला. जावईबापूंना काय सांगायचं ते मी सांगेन, तू फक्त दारात उभी राहा. नवा फॉर्म महिनाअखेर द्यायचा आहे. खालचं सगळं मी भरलंय, कृष्णातचं भाडंसुद्धा. वरच्या मजल्याचा रकाना कोरा ठेवलाय. तो तू इथं येऊन तुझ्या हातानं भर. अक्षर कसंही येऊ दे.

तुझाच,
दादा