पिंगला कुणी ओ देईना

सोमवार, ४ मार्च

नाही, घाबरलेली बिबरलेली नाही मी. वॉचमनला तसंच सांगितलं. तोंड का उतरलंय म्हणून विचारत होता. म्हटलं, जन्मापासून असंच आहे, तुझं लक्ष आज गेलं.

झालंय एवढंच, की कॉम्प्युटर क्लासच्या टायवाल्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, बाई, पुढच्या महिन्यापासून लॅबमध्ये नुसतं झाडलोट करणारं माणूस नको, मुलांना नेटवर्क मांडून देणारं हवं. पंधरा तारखेला प्रॅक्टिकल. जमलं तर कायम. नाही तर नोकरीही गेली आणि जिन्याखालची खोलीही. म्हटलं, जमेल. काय जमायचंय ते बाहेर येऊन विचारलं.

गावच्या शाळेत सातवीपर्यंत मुलींत पहिली होते. वर्गात मुली दोनच होत्या, ते सोडा.

आणि नाहीच जमलं तर? लेक दार उघडून बसलीय. ये, ये करून डोकं खाते. मीच जात नाही.

मंगळवार, ५ मार्च

लॅबमध्ये शिकवणाऱ्या मॅडमनी सिम्युलेटर दाखवलं. लेकीच्या वयाची पोरगी, पण मॅडम म्हणायचं. सिम्युलेटर म्हणजे स्क्रीनवर खोटे राऊटर, खोटे स्विच, खोट्या तारा. मोठ्या माणसांची भातुकली! माझा हात बसणारच. स्विच एका घरातल्या कॉम्प्युटरना जोडतो. राऊटर या घरचा निरोप त्या घरी पोचवतो. म्हटलं, आमच्या आळीत राऊटर लागलाच नसता, मी होते की. मॅडम हसल्या नाहीत. नवीन आहेत.

राऊटरना नावं द्यायची असतात. इंग्रजी अक्षरांत दिली, थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. स्विच म्हणजे नणंदा. आता विसरायची सोयच नाही. दहा दिवसांचा अभ्यास दोन दिवसांत उरकेल असं दिसतंय.

गुरुवार, ७ मार्च

पिंग शिकले. पिंग म्हणजे हाक. या कॉम्प्युटरने हाक मारायची, त्याने ओ द्यायची. दुपारभर हाका मारल्या. ओ नाही.

मॅडमनी येऊन बघितलं. एका घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना मी एकच पत्ता दिला होता. का, म्हणे. म्हटलं, एका घरातली माणसं, पत्ता एकच नको का? सासू काय वेगळ्या पत्त्यावर राहते? मॅडमनी कपाळाला हात लावला. प्रत्येकाला वेगळा पत्ता लागतो म्हणे. असलं कसलं घर! चूक माझी नाही, हे बनवणाऱ्याची आहे.

लेकीने माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय. फिकट निळी.

शनिवार, ९ मार्च

ठरलं. उद्या पहाटे उठून सगळ्या कमांड पाठ.

रविवार, १० मार्च

उठले नाही. रविवारी पाठ केलेलं टिकत नाही.

सोमवार, ११ मार्च

लाल. सगळं लाल. पत्ते वेगळे दिले, तारा बरोबर जोडल्या, तरी राऊटरच्या तारांना दोन्ही टोकांना लाल दिवे. मॅडम म्हणाल्या, राऊटरची दारं मुळात बंदच असतात, एकेक हाताने उघडावं लागतं. म्हटलं, थोरलीला शोभतं.

उघडली. हिरवं झालं! हाक मारली. ओ नाही. का, तर निरोप जातोय, पण उत्तराला परत यायची वाट मी धाकटीला सांगितलेलीच नाही. तिचं तिला कळायला नको?

डबा उघडलाच नाही आज. भूक नव्हती, एवढंच.

बुधवार, १३ मार्च

पुन्हा मांडलं, पुन्हा मोडलं. दुपारी एक अक्षर धड पडेना. कीबोर्डचाच दोष असेल.

मॅडम शेजारी बसल्या. म्हणाल्या, काकू, नाही झालं पास तर काय होईल? म्हटलं, काय व्हायचंय, लेकीकडे राणीसारखी राहीन. पलंगसुद्धा आणलाय तिने, खिडकीपाशी ठेवलाय. मॅडम म्हणाल्या, मग एवढं जिवाला का लावून घेता?

मी उठून खिडक्या पुसायला गेले. खूप धूळ होती.

शुक्रवार, १५ मार्च, दुपारी १

जमलं! दारं उघडली, जाण्याची वाट सांगितली, येण्याची सांगितली. चार हाका मारल्या आणि चारही वेळा ओ आली. आली गं बाई, म्हणून ओरडलेच. मॅडमनी मिठी मारली. साहेब जेवायला गेलेत. आले की दाखवायचं, संपलं. जिन्याखालच्या खोलीला नवा पडदा शिवते.

त्याच दिवशी, ५ वाजता

काम झालं की बंद करायचं, ही हाताची सवय. साहेब येईपर्यंत रिकामं बसवेना. राऊटरवर क्लिक केलं तर आत बटण दिसलं. थोरली बंद केली, धाकटी बंद केली. उगाच कशाला वीज जाळायची. खोटी वीज!

साहेबांनी येऊन चालू केल्या. दोघींना स्वतःचं नावही आठवेना. कोऱ्या करकरीत. सगळे दिवे लाल. बंद करण्याआधी राऊटरला, एवढं लक्षात ठेव, असं सांगावं लागतं म्हणे, नाही तर तो सगळं विसरतो. ते मी सांगितलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, सर, मी डोळ्यांनी बघितलंय, पिंग जात होतं. साहेब म्हणाले, मी नाही बघितलं. मी म्हटलं, पुन्हा करते, लगेच करते. ते म्हणाले, वेळ संपली, बाई.

हात जोडले मी. ते टाय सारखा करत राहिले.

शनिवार, १६ मार्च

महिनाअखेरीला खोली सोडायची. भांडी बांधली. मॅडम खाली आल्या होत्या. म्हणाल्या, लेकीला कळवलंत ना? म्हटलं, कळवलं तर, जावयांसकट न्यायला येणार आहे. वॉचमन म्हणाला, मजा आहे बुवा तुमची. म्हटलं, जळू नकोस.

खोली रंगवलेली नाही. पलंग नाही. लेकीने ये म्हटलेलंच नाही, कधीच नाही. प्रॅक्टिकलचं कळलं त्या सोमवारी मीच फोन करून विचारलं होतं, येऊ का गं राहायला?

ती म्हणाली, बघू.