धाकट्याचे भाडेकरू

४ फेब्रुवारी

पुन्हा भिंत हादरली. आईचा नुकता डोळा लागला होता, तेवढ्यात पलीकडे स्पीकर सुरू! औषधाची बाटली सरकत टेबलाच्या कडेला आली. आज सुट्टी होती म्हणून दिसलं तरी. एरवी या वेळी मी दुकानात चष्म्याच्या काचा घासत असते.

"रोज असंच असतं?" मी विचारलं.

"उशी घेते कानावर," आई म्हणाली.

हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती — विश्रांती.

७ फेब्रुवारी

गेले पलीकडे. तिघं राहतात. दार उघडणाऱ्याचं नाव मी मनातल्या मनात भोंगा ठेवलंय. "काकू, दिवसाढवळ्या गाणी ऐकायची पण चोरी का?" मागून दोघं खिदळले. दार तोंडावर आपटलं. घरी येईपर्यंत आवाज आणखी वाढलेला.

८ फेब्रुवारी

धाकट्याला फोन केला. पलीकडचं घर त्याचंच. बाबांनी शेजारी शेजारी दोन घरं घेतली — मुलगी इथे, मुलगा तिथे, मधे एक भिंत. तो नोकरीसाठी परगावी गेला आणि घर भाड्याने दिलं.

"ताई, तरुण पोरं आहेत. घे ना जरा सांभाळून."

"आईला झोप नाही रे."

"मग तिची खोली बदल."

दुसऱ्या खोलीत पलंग मावत नाही. त्याला माहीत आहे. इथेच तर वाढला!

१५ फेब्रुवारी

आवाज. बाकी काही नाही.

१९ फेब्रुवारी

जिन्यात फुटक्या बाटल्या. खालचे निवृत्त मास्तर काचा गोळा करत होते. मला थांबवून हळूच म्हणाले, "तुमच्या आईने सांगितलं का?" नव्हतं सांगितलं. सकाळी आई कठड्याला धरून उतरत होती, तेव्हा भोंगा तिला म्हणाला — "म्हातारे, पोरीला आवर. जिन्यावरून पडायला वेळ लागत नाही."

मास्तरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मला संताप यायला हवा होता. वर आले, भांडी घासली, कपडे घड्या करून ठेवले.

२० फेब्रुवारी

पोलिसांत तक्रार. लगेच आले, तिघांना दम दिला. जाताना मला म्हणाले, "बाई, आम्ही समज देऊ, धमकीची नोंद ठेवू. घर खाली करायला लावणं आमच्या हातात नाही."

तिघांनी मान डोलावली. अगदी शहाण्या मुलांसारखी.

२ मार्च

जेमतेम आठवडाभर शांत होते. आज वकीलबाईंकडे गेले. चपलांच्या दुकानावर त्यांची एक खोली आहे. सगळं ऐकून घेतलं. मग —

"घरमालक कोण?"

"माझा भाऊ."

त्यांचं पेन थांबलं. मग शांतपणे समजावलं. भाडेकरूंवर उपद्रवाचा दावा करता येतो. पण आधी मालकाला लेखी कळवायचं. कळूनही तो हातावर हात ठेवून बसला, तर त्यालाही प्रतिवादी करायचं. ताकीद देणं, करार संपवणं — ते त्यालाच करता येतं.

"त्याचं नाव घालायलाच हवं?"

"त्याला वगळलंत तर हे तिघं जातील आणि दुसरे तिघं येतील."

मी होकार दिला. नोटीस पाठवा म्हणाले.

१२ मार्च

धाकट्याचा फोन. "सख्ख्या भावाला वकिलाची नोटीस?" मी काही बोलायच्या आत ठेवून दिला.

२८ मार्च

नोटिशीला उत्तर नाही. दावा दाखल करायचा ठरलं. मास्तर साक्षीला तयार. समोरचे म्हणाले, "आमचं नाव नको हं, रोज तोंड बघायचंय एकमेकांचं."

आईचंही प्रतिज्ञापत्र लागणार. तिने चष्मा मागितला. ओळन् ओळ वाचली. धाकट्याच्या नावावर बोट ठेवून बसून राहिली.

"याने काय केलंय?"

"काहीच नाही केलं, आई. तीच तक्रार आहे."

सही केली. जेवली नाही. मी जेवले.

९ एप्रिल

कोर्ट. धाकट्याचा वकील म्हणाला, "बहिणीचा डोळा भावाच्या घरावर आहे." धाकटा खाली बघत उभा.

मग वकीलबाईंनी रेकॉर्डिंग लावलं. आईच्या खोलीत दुपारी फोन ठेवून केलं होतं. भिंतीतली धडधड, आणि मधेच आईचा आवाज — "अरे, थांबवा रे कुणीतरी!" न्यायाधीशांनीच ते बंद करायला सांगितलं.

मनाई हुकूम मिळाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडेकरूंनी त्रास द्यायचा नाही, आणि मालकाने त्यांना आवरायचं.

बाहेर व्हरांड्यात धाकटा समोर आला. "जिंकलीस, ताई."

"चहा घेतोस?" — हे बोलले मी! दुसरं काही सुचलंच नाही. तो पाठ फिरवून गेला.

२ मे

भोंगा आणि मंडळी गेली. हुकुमानंतरही स्पीकर वाजलाच. वकीलबाईंनी मालकाला कडक पत्र धाडलं आणि धाकट्याने शेवटी करार संपवला. टेम्पो भरताना भोंग्याने आमच्या दाराला लाथ घातली. मी आत बसून भाजी निवडत होते. जुडी संपवूनच उठले.

मास्तर वर येऊन म्हणाले, "सुटलो बुवा!" मी हो म्हटलं.

५ मे

शांत. नळाखालच्या बादलीत पडणारा थेंबही ऐकू येतो. दुकानातून आले तर आई खिडकीशी बसलेली.

"झोपली नाहीस?"

"नाही लागली."

"आता तर आवाज नाही."

"नाही," म्हणाली.

११ मे

धाकटा आला आणि आईला घेऊन गेला. कायमची. तिनेच त्याला बोलावलं होतं, बॅगही तिनेच भरून ठेवली होती. "सही केल्यापासून तो माझ्याशी बोलला नव्हता गं," एवढंच म्हणाली. मी औषधांच्या वेळा त्याला समजावून सांगितल्या. त्याने एकदा परत विचारून घेतल्या.