कूलरची तिसरी दांडी

माय, तुला जयभीम.

मी सुरतला बरा हाय, जेवण टायमावर हाय. फोनवर तू हसण्यावारी नेतीस म्हणून लिहून राहिलो. शेजारच्या आकांक्षाकडून वाचून घे.

कूलर झिणझिण्या देतो म्हणून तू चप्पल घालून पाणी टाकतीस. चूक माझी हाय. बोर्डाला दोनच भोकं होती, तवा मीच पकडीनं पिनेची वरची जाड दांडी तोडली. पत्र्यात उतरलेला करंट त्या दांडीतून जमिनीत जातो, हे मला इथं वायरिंगच्या कामावर कळलं.

आता बटन बंद करून पिन काढून ठेव. वायरमन मुंजाजीकाकाकडून आर्थिंग अन् तीन भोकांचा बोर्ड करून घे, पिनबी नवी. तवर उकाड्याची तकलीफ होईल, व्हय. गुडघा कसा हाय?

रागावलीस तर शिव्या दे. पण द्यायला तू पाहिजेस, माय.

तुझं लेकरू,
आयुष