चित्रफितीची सोज्वळ आवृत्ती

३ फेब्रुवारी, सोमवार
शी. दिवस एका शब्दात संपला. तालुक्याहून पेन ड्राइव्ह आलाय. 'किशोरवयीन आरोग्य', सातवी ते नववीला दाखवायची चित्रफीत. मुख्याध्यापक फत्तेसिंग सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी चहाच्या कपात पाहिलं. माझं बिस्किट बुडवून झालं होतं, मान वर राहिली. नोडल शिक्षक झालो. विज्ञान शिकवतो, त्याची शिक्षा.
संकल्प: हा विषय असा शिकवायचा की कोणाला कळताही कामा नये.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
दार लावून लॅपटॉपवर चित्रफीत पाहिली. किळस, किळस. सगळं काढून दाखवलंय, तेही रंगीत, बाण करून! ताटात भरीत आलं, बघवेना. सौ. रंजनाने विचारलं, काय झालं. शालेय गोपनीय काम, म्हणालो. ती म्हणाली, यामिनी आता सातवीत आहे, तिला आपणच चार गोष्टी सांगून ठेवू. साफ मनाई केली. घरात असलं बोलणं नको. शाळेत शास्त्रशुद्ध होईल, शिकवणारा मीच आहे. सौ. माझं ताट उचलून आत गेली. पटलं असावं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मोबाइलवर व्हिडिओ कापायचं अ‍ॅप शिकलो. या वयात! घाण तेवढी छाटली. त्यात एक मुलगी डॉक्टरीणबाईंना सांगते, मला रक्त यायला लागलंय. त्यावर बाई नको इतकं बोलतात, ते उडवलं. पुढे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा भाग आहे. आपल्याकडे तो आजार फार, म्हणून तो पूर्ण ठेवला. मुलग्यांचं प्रकरण मुळापासून काढलं, त्या जागी हात धुण्याची चित्रफीत जोडली. आता कोणीही सहकुटुंब पाहावी. सांधा कुठे दिसत नाही. संपादनाची देणगी उपजतच असणार.

८ फेब्रुवारी, शनिवार
यशस्वी. हॉलच्या खिडक्या बंद, मुली एकीकडे, मुलगे दुसरीकडे, मधे मी पट्टी घेऊन. साखर कारखान्याच्या मळीचा वास आत कोंडला, पण नीती सुरक्षित राहिली. होस्टेलचा आमशा, धडगावकडचा, उठून म्हणाला, सर, मधलं काहीतरी गेलं, बाई एकदम आजारावर कशी आली? घरी शेळ्या असलेलं पोरगं, त्याला नको ते सगळं माहीत. तसंच उभं ठेवलं. मुलींनी एकही प्रश्न विचारला नाही, म्हणजे सगळं समजलं. यामिनी पहिल्या रांगेत बसून एकटक पाहत होती. ऊर भरून आला.
फत्तेसिंग सर खूश. माझी आवृत्ती त्यांनी तिथल्या तिथे सगळ्या शाळांच्या ग्रुपवर टाकली. डोंगरातल्या आश्रमशाळांकडूनही अंगठे आले. प्रशस्तिपत्राचं नाव काढलं सरांनी. मी नको नको म्हणालो, पण फार वेळ नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
चित्रफितीचा परिणाम घरातच दिसू लागला. यामिनी शांत झाली आहे. हट्ट नाही, टीव्ही नाही. शेजारी युसुफभाई सायकलवाले राहतात, त्यांच्या रिम्शाला आपली सायकल देऊन टाकली. कायमची. त्यागवृत्ती! मला विचारलं, पप्पा, आजी कशाने गेली? आपल्याकडे कोणाला रक्ताचा आजार होता का? घराण्याबद्दल एवढी आस्था. मी पणजोबांपर्यंत सगळ्यांची दुखणी सांगितली. ऐकताना तिचे डोळे भरून आले.
एकच विचित्र वाटलं. पहाटे उठून स्वतःची चादर स्वतःच धुते. हात धुण्याचा भाग फारच परिणामकारक झालेला दिसतो.

१२ फेब्रुवारी
सारंगखेड्याकडच्या एका शाळेने चित्रफीत दाखवली. मागणी वाढते आहे. प्रशस्तिपत्राच्या फोटोसाठी कोट इस्त्रीला टाकला. सौ. म्हणते, पोरगी जेवत नाही. परीक्षा जवळ आली की पोरं जेवत नाहीतच. बायकांना खुट्ट झालं की डॉक्टर आठवतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
घरी आलो तर दार आतून बंद. आत सौ., यामिनी, रिम्शा आणि तिची आई गजालाभाभी. माझ्याच लॅपटॉपवर मूळ चित्रफीत, न कापलेली, आणि आवाज पार गल्लीत. दार वाजवलं. सौ. बाहेर ओट्यावर आली आणि मागे दार ओढून घेतलं.
तिने सांगितलं ते असं. रविवारी यामिनीला 'ते' सुरू झालं. चित्रफितीत मुलगी म्हणते रक्त येतंय, आणि लगेच बाई म्हणतात, हा आजार आईवडिलांकडून येतो, जन्मभर राहतो. पोरगी तेच धरून बसली. आज दुपारी आईच्या मांडीवर डोकं ठेवून एवढंच विचारलं, "माय, मी मरसू का?"
मी म्हणालो, अपुरं ज्ञान नेहमीच घातक.
सौ. म्हणाली, "तुम्ही जो तुकडा कापा, त्याम्हाच तिना जवाब व्हता."
मी म्हणालो, मग मला का नाही विचारलं, मी काय परगावी होतो?
"मी बी तेच इचारं. ती म्हनी, पप्पास्ले नको सांगू, त्यास्ले मन्ही किळस येई."
ती आत गेली. मी ओट्यावर बसलो. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, घाबरू नकोस, असं सगळ्याच मुलींना होतं. मग यामिनीने काहीतरी विचारलं आणि सगळ्या हसल्या. तिचं हसणं ऐकून बरं वाटलं. आत जायची हिंमत झाली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
यामिनी शाळेत गेली. माझ्याकडे न पाहता गेली.
ग्रुपवर पूर्ण चित्रफीत टाकली. खाली लिहिलं, 'आधीची कोणी दाखवू नये. दाखवली असेल तर मुलींना पुन्हा बसवून ही दाखवावी.' फत्तेसिंग सरांनी लगेच विचारलं, आधीच्या आवृत्तीत वाईट काय होतं? तीच तर सोज्वळ होती. डोंगरातल्या आश्रमशाळेच्या एका बाईंनी विचारलं, आमच्याकडे दोन मुली वर्गात यायच्या थांबल्या आहेत, याच्यामुळे का?
उत्तर लिहायला घेतलं. तांत्रिक अडचण, लिहिलं. खोडलं. संपादनातील त्रुटी, लिहिलं. तेही खोडलं. आता 'माझ्या मुलीला पाळी आली, तेव्हा' इथपर्यंत झालं आहे.